डिकीतले दोन दगड

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे माणसानं दरडीला भ्यावं, ओढ्याच्या पाण्याला भ्यावं आणि उरलेली सगळी भीती माझ्या बायकोच्या काकांच्या शेजारच्या सीटसाठी राखून ठेवावी. काका भोरच्या कोर्टातले निवृत्त वकील. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, प्रवचनं ऐकतात; काकांनी जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. तिचं बूड रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर. काचेवरची आतली वाफ ते कोर्टात गळ्याला बांधायच्या पांढऱ्या बँडनं पुसत आणि युक्तिवादाच्या सुरात सांगत, "जावईबापू, साध्या गाड्यांना पुढची चाकं फरफटत नेतात. हिला मागची चाकं ढकलतात. राजेशाही चाल आहे." ही राजेशाही चाल ओल्या रस्त्यावर मागून घसरते, एवढाच मुद्दा ते वगळत. चूक कबूल करायची नाही, हा त्यांचा कोर्टातला चाळीस वर्षांचा नियम घरातही लागू होता. त्यांच्या हातून फुटलेला कप नेहमी "आधीच तडकलेला" असे. काकूंनी मात्र बजावलं होतं, "गाडीला एक ओरखडा दिसू दे, दुसऱ्या दिवशी विकून टाकीन." त्या धमकीनंतर काका रोज सकाळी गाडीभोवती प्रदक्षिणा घालत.

भातलावणीच्या दिवसांत एकदा त्यांच्या जुन्या अशिलासाठी युरियाची दोन पोती घेऊन आम्ही पालीला निघालो. अशील म्हणजे राजगडाखालच्या त्या पालीतले एक वयस्कर शेतकरी. पाऊस असा की पुढचा रस्ता केवळ ऐकीव माहितीवर मानायचा. मी दाराची मूठ धरून बसलो होतो. तरीही जाताना गाडी शहाण्यासारखी चालली, आणि त्याचं श्रेय काकांनी स्वतःकडे घेतलं. पोती उतरवल्यावर ते शेतकरी रिकाम्या डिकीकडे बघत राहिले.

"सायेब, आता मागं वजन न्हाई. गाडी फिरंल. आमी रिकामा टेम्पो बी असा हाणत न्हाई. दोन दगडं टाकू का?"

"दगड? ही काय विटांची ट्रॉली आहे?"

"न्हाई वं. ट्रॉली लई जड असती."

काकांनी डिकी आपटून लावली आणि गाडी काढली. विंझरच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी जरा जोर दिला आणि गाडीचं बूड आमच्या पुढे जायला निघालं. डोंगर, भाताचं खाचर, विजेचा खांब, पुन्हा डोंगर. कुणीतरी ओरडत होतं. तो मी होतो. गाडी थांबली तेव्हा मैलाचा दगड माझ्या दारापासून वीतभर लांब होता आणि गाडीचं तोंड पुन्हा पालीकडे होतं. काका स्टिअरिंगवरचे हात काढेनात. मागून, म्हणजे मघाशी जी आमची पुढची बाजू होती तिकडून, एसटी आली आणि पाणी उडवत आमच्या अगदी शेजारून गेली. अर्ध्या मिनिटापूर्वी त्या जागी आम्ही आडवे होतो.

बँडनं काच पुसून काका म्हणाले, "तोंड तिकडेच आहे, तर दगड घेऊन येऊ."

शेतकऱ्यांनी दोन मोठे दगड गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवले. "रंग जायचा न्हाई," एवढंच म्हणाले.

घरी काकूंनी गाडी चारी बाजूंनी तपासली. ओरखडा नव्हता. "सुटलात," त्या म्हणाल्या. मीही सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात काका म्हणाले, "गाडी फिरली होती. चूक माझी. अशिलानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. जावईबापूंना मी मारलंच असतं."

काकूंनी त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात टाकली. "दसऱ्याला पूजेला काढू."

तेव्हापासून दर पावसाळ्यात गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी असते. दगड अजून डिकीत आहेत. पावसाची मोठी सर आली की काका गाडीत जाऊन बसतात, पांढऱ्या बँडनं काच पुसतात आणि शेजारची सीट थोपटतात. मी जाऊन बसतो. गाडी जागची हलत नाही, किल्ली डब्यात आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं. "वळण आलं," काका हळूच म्हणतात, आणि मी दाराची मूठ घट्ट धरतो.