साडूंचं वाऱ्याशी वैर

वाऱ्याशी उघड वैर धरणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सोलापुरात त्यांचा लग्नाच्या मंडपाचा धंदा. त्यांनी मंडप बांधायचा आणि ऐन अक्षता पडताना वाऱ्यानं तो उडवायचा, यात दोघांचंही आयुष्य गेलं. त्यामुळे हे वैर बांधाच्या भांडणाइतकं जुनं आणि चिवट. घरात पंखा लावायचा तरी आधी त्याच्याकडे रोखून बघायचे. बारशाला जावोत की मयताला, अंगणात उभं राहून बोट ओलं करून वर धरायचे आणि मान हलवून म्हणायचे, "आज याची लक्षणं बरी न्हाईत."

त्यात जपानात ते अणुवीज केंद्र बिघडलं. किरणोत्सारी कण वाऱ्याबरोबर पसरताहेत असं टीव्हीवरची बाई सांगू लागली आणि साडूंनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांची एकुलती एक लेक, आमची आशू, नवऱ्याच्या नोकरीपायी जपानातच होती आणि तिला दिवस गेलेले. ती राहायची त्या केंद्रापासून खूप लांब. जावई रोज फोनवर समजावून थकला. साडूंचं आपलं एकच, "पोरीला आत्ताच्या आत्ता हिकडं पाठवा." पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ती येणारच होती, फक्त जावयाला रजा मिळायला थोडा वेळ लागणार होता. मी म्हटलं, "अहो, जपान कुठं, सोलापूर कुठं? इथं काय भीती?" तर माझी कीव करत म्हणाले, "साडूभाऊ, वारा काय तिकीट काढून येतोय व्हय?"

लेक येईपर्यंत घरात एक कण शिरू द्यायचा नाही, असं त्यांनी मनावर घेतलं. गोदामातलं होतं नव्हतं ते कापड आणून अख्ख्या घराला बाहेरून मंडप घातला. तोही लाल-पिवळ्या झालरीचा, कारण साधं कापड शिल्लक नव्हतं. सोलापुरात नळाचं पाणी दर्शन देतं ते कधीतरी, पण जे येईल ते सगळं त्या कापडावर मारायचं, म्हणे ओल्याला कण चिकटतात. आता दारात मंडप दिसल्यावर लोक काय समजणार? मैंदर्गीचं एक जोडपं आहेराची साडी घेऊन थेट आत आलं आणि पंगत कुठं बसलीय म्हणून विचारू लागलं. साडूंनी त्यांना दारातच कपडे झटकायला लावले, पाय धुवायला लावले. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, लाजेकाजेस्तव जेवायला वाढलं. जाताना ती दोघं "येवस्था लई चोख हाय बघा" असं सांगून गेली. साडी मात्र अक्कांना घ्यावीच लागली.

घरात कडक भाकऱ्यांची चळत छताला टेकलेली. "हिच्यात कण शिरंल कुटनं? दात शिरंना झालेत," हा साडूंचा युक्तिवाद. बाहेर चैत्राचं ऊन रणरणतंय, गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर कुरडया-पापड वाळताहेत, आणि अक्कांच्या वर्षभराच्या मिरच्या मात्र बंद खिडक्यांच्या दिवाणखान्यात, पंख्याखाली! व्हायचं तेच झालं. घरातलं माणूस न् माणूस शिंकायला लागलं, डोळ्यांतून पाणी, घशात जाळ. साडू मटकन खाली बसले आणि म्हणाले, "आले."

"कोण आलं?"

"कण."

"कण कुटले मेले! मिरच्या हायत माज्या!" अक्का नाकाला पदर लावून ओरडल्या, पण ऐकतं कोण?

मग कुणाकडून तरी मुंबईहून किरण मोजायचं यंत्र मागवलं. किरण सापडले की ते टकटक करायचं. साडूंनी ते पिठाच्या डब्यावर धरलं, देवांवर धरलं, माझ्या टकलावरसुद्धा धरलं. सगळीकडे आपलं सुस्त टक... टक. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंचित जास्त, म्हणून अक्कांचा स्वयंपाक जमिनीवर आला. आणि एका दुपारी साडू माळ्यावर चढले, तर यंत्र ताशासारखं कडकडायला लागलं. तिथं काय होतं, तर एक पत्र्याची पेटी. पूर्वी मंडपात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या लावायचे. त्या बत्त्यांच्या जाळ्या, म्हणजे वातीच्या जागी बांधायच्या आणि जळून राखेच्या होणाऱ्या कापडी पिशव्या, पेटीत जपून ठेवलेल्या. शेजारचे विज्ञानाचे मास्तर येऊन म्हणाले, "या जाळ्यांत थोरियम घालायचे. किरणोत्सारीच असतं ते, पण अगदी थोडं. काळजीचं काही नाही."

मी पोट धरधरून हसलो. जपानचा वारा अडवायला निघालेला माणूस, आणि त्याच्याच माळ्यावर हा ऐवज! पण साडू हसेनात. चेहरा पांढराफटक. मग हळूच म्हणाले, "आशू ल्हान असताना माज्या मांडीवर बसून जाळ्या बांधायची की हो. जुन्या जाळीची राख फुकून उडवायची. मीच म्हणायचो, फूक जोरात."

त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. इतके दिवस 'ये, ये' म्हणून लेकीचा जीव खाणारा बाप सांगू लागला, "आशू, येऊ नगंस. तितंच ऱ्हा. आपलं घर चांगलं न्हाय." पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "अप्पा, तिथं नको, इथं नको. मग बाळंतपण काय विमानात करू?"

ती आली. त्याआधी साडूंनी मंडप उतरवला आणि पेटीसकट शहराबाहेरच्या गोदामात राहायला गेले. पेटीइतकाच त्यांना आता स्वतःचा संशय. "उभा जल्म हात घातलाय त्यात. मी बी तसलाच झालो असणार की." डॉक्टरांनी तपासून हाकलून दिलं. मास्तरांनी यंत्र त्यांच्या छातीवर धरलं, तर तेच सुस्त टकटक. "यंत्राला काय कळतंय?" म्हणाले. काय बोलावं या माणसाला! रोज फाटकापर्यंत यायचे, लांबूनच "जेवलीस का गं?" विचारायचे, आणि उभे राहायचे ते वारा कुठून कुठं चाललाय ते बघून. आपल्या अंगावरून गेलेला वारा लेकीपर्यंत पोचू नये, म्हणून. हे कळलं त्या दिवशी मात्र मला हसता आलं नाही.

नात झाली. बारशाला सगळी गल्ली घरात लोटली आणि आजोबा रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे. शेवटी ओली बाळंतीण आशू पाळण्यातली पोर उचलून तशीच रस्ता ओलांडून गेली आणि ती त्यांच्या हातात दिली. साडूंना पळायला जागाच उरली नाही. पोरीला छातीशी धरून बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला, तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं की माणूस श्वासच घेत नाहीये.

"अप्पा, श्वास सोडा की," आशू रडत हसत म्हणाली.

साडूंनी मान वळवली, तोंड पार लिंबाच्या बुंध्याकडे नेलं, आणि मग सोडला.