तराजूतलं कुंकू

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी रसायन शिकवायचो, आणि प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजूही मीच सांभाळायचो. बाहेरच्या कुणाचा हात त्याला लागू देत नसे. तरी प्राचार्यांनी एकदा अकोल्याहून तराजू दुरुस्त करणारा बोलावलाच.

जोडे दाराबाहेर काढून तो आत आला. पेटीसमोर बसल्यावर श्वाससुद्धा तोंड बाजूला करून सोडायचा. दांडी जिच्यावर डोलते ती धार त्याने मऊ ब्रशने झाडली, तर खालच्या कागदावर लाल भुकटी पडली.

कुंकू होतं ते. दर दसऱ्याला मीच तराजूची पूजा करायचो.

"खोटं बोलून राहिला होता हा, मास्तर," तो हळूच म्हणाला. "रोज पाहनाऱ्याले दिसत नाही. त्याले बाहेरचा मानूस लागते."

त्याच वर्षी परीक्षेत बाकी सगळ्या पोरांनी पुस्तकातला, मला हवा तो आकडा लिहून दिला होता. एका पोरीने मात्र तराजूने दाखवलं तेच वजन लिहिलं होतं, आणि मी तिला नापास केलं होतं.

भुकटीची पुडी बांधून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. हाताला वजन म्हणून लागलं नाही.