बांधावरच्या चपला

विड्याची पानं खुडताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. त्यामुळे पानमळ्यात किस्से साठत जातात. मी बोलतो कमी. पण निमगाव केतकीच्या बाळूतात्यांच्या मळ्यात जन्मभर पानं खुडली, म्हणून त्यांचे बरेच किस्से माझ्याकडे आहेत.

*

पानमळ्यात कुणी चप्पल घालून शिरत नाही. वेल म्हणजे देव. तात्यांचा नवा जावई एकदा बूट घालून बांधावर आला. तात्या म्हणाले, "जावईबापू, पाय मी धुतो तुमचं. बूट मात्र हितंच ऱ्हाऊ द्या."

*

लावणीसाठी वेलाचं बेणं तात्या मागेल त्याला देत. कळस गावच्या शिवाला बेणं दिलं, वर लावायला शिकवण्यासाठी त्याच्याकडे जाऊन राहिले. परत आल्यावर त्यांच्या बायको हिरावहिनी म्हणाल्या, "मळा त्येचा, घाम तुमचा. जेवाय तरी घातलं का?"

"घातलं की. तुज्यापरीस बरं हुतं."

त्या दिवशी तात्या आमच्या घरी जेवले.

*

पुढे बारामतीच्या बाजारात शिवाची पानं हातोहात खपली, तात्यांची एक पाटी राहिली. परतताना एसटीत तात्या खुशीत. "आज आमचा माल पयला गेला!"

कंडक्टरनं विचारलं, "मग ही भरलेली पाटी कुणाची?"

"ही माजी. गेला त्यो आमचा."

*

थोरल्या मुलाच्या सोयरिकीला पाहुणे आले. "पानमळा कुठं कुठं हाय तुमचा?"

तात्या सांगायला लागले, "हितं हाय, कळसला हाय, तिकडं सुप्याला विहिरीवर हाय..."

आतून वहिनींचा आवाज आला, "पाव्हणं, हितला तेवढाच आमचा."

*

मग एका पावसाळ्यात मुळं कुजली आणि तात्यांचा सगळा मळा बसला. लावायला बेणंसुद्धा उरलं नाही. त्या दिवशी तात्या चप्पल घालूनच मळ्यात शिरले. पुढे ते तसेच फिरायचे.

काही दिवसांनी सकाळी तात्या आणि मी तिकडे गेलो, तर बांधावर चपलाच चपला. तात्या म्हणाले, "कुणाचं लगीन हाय का रं?"

मळ्याला लागून तात्यांच्याच कोऱ्या तुकड्यात शिवा, सुप्याचे लोक, कोण कोण वाकून वेल लावत होते. वहिनी पाणी देत होत्या. तात्या चालत मधोमध गेले, बेण्याचं एक पान खुडलं, डोळे मिटून चावलं.

"झकास हाय. कुणाच्या मळ्यातलं रं हे?"

शिवानं मान खाली घातली.

वहिनी म्हणाल्या, "ते मागनं. आदी पायातली चप्पल काढा."