लेकीचं वाकडं कलम

नर्सरीत तिला सगळे मावशी म्हणत. मालकसुद्धा, तो तिच्याहून चांगला दोन वर्षांनी मोठा असून! तीस वर्षं ती काचघरातल्या त्याच टेबलाशी बसून रंगीत निवडुंगांची कलमं बांधत आली होती: खाली हिरवा खुंट, वर लाल नाहीतर पिवळा गोळा. लोकांना वाटतं ते फूल. फूल कसलं डोंबलाचं! गोळ्यात हिरवेपणाचा टिपूस नाही, स्वतःचं अन्न स्वतः करायची अक्कल नाही. खुंटाच्या जिवावर जगतो आणि वर रुबाब करतो.

टेबलाच्या कोपऱ्यात एक वाकडं लाल कलम होतं, ते विकायचं नव्हतं. मावशीच्या लेकीने नऊ वर्षांची असताना बांधलेलं. लेक विसाव्या वर्षी तापाने गेली. खुंट चार-पाच वर्षांत थकतो, म्हणून मावशीने तो गोळा आतापर्यंत तीनदा नव्या खुंटावर चढवला होता. घरी लेकीचा फोटो होता, पण मावशीचा जीव अडकला होता तो या गोळ्यात.

सोमवारी सकाळी त्या कलमाचा खुंट बुडाशी मऊ लागला. मावशीने सुरी स्पिरिटने पुसली, नवा खुंट कापून ठेवला, गोळा उतरवला. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका. कुज वर चढली होती. तिने पातळ चकती काढली, ठिपका होताच. आणखी एक काढली. गोळा लिंबाएवढा होता, तो सुपारीएवढा झाला, आणि ठिपका काही हटेना.

"मावशी, थांबा," मालक म्हणाला. "याचं एखादं पिल्लू असेल ना? तेच बसवू."

पिल्लं गोळ्याच्या अंगाला फुटतात, वाटाण्याएवढी. गिऱ्हाइकाला गोळा कसा गरगरीत लागतो, म्हणून मावशी ती दिसली की नखाने खुडायची. हाताला तसं वळणच पडलेलं. लेकीच्या कलमाचीही खुडायची, ते नीटनेटकं दिसावं म्हणून. गेल्या शनिवारीच तीन खुडली होती. ती कचऱ्याच्या गाडीतून गेली.

"मीच खुडली हो," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

शेवटच्या चकतीनंतर हातात काही उरलं नाही.

कापलेला खुंट वाया घालवायचा नाही, ही तिचीच शिकवण. तिने ट्रेमधला दुसरा लाल गोळा उचलून त्यावर बसवला, रबर लावलं. त्याच्या अंगाला एक पिल्लू होतं. सवयीने नख तिथवर गेलं. मग हात मागे घेऊन, टेबलावर डोकं टेकून मावशी रडली. लेक गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.