एका डावाची एकच अट

माझा धाकटा भाऊ दीपेश कुठलाच खेळ हरत नसे. हरायची वेळ आली की जिंकायचं काय होतं, तेच तो बदलून टाकायचा. कॅरममध्ये माझ्या सगळ्या सोंगट्या गेल्या तर हा म्हणे, "मी नुसती राणी घ्यायला खेळत होतो." आणि राणी खरंच त्याच्याकडे असायची, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आमची आय, भामा, कायम त्याच्या बाजूची. "लहान हाय तो, रंजिता. जिंकू दे." तो अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी ती हेच म्हणत होती.

शाळेत तो साधारण, डिप्लोमा दोन वर्षांत सोडला, मग तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला लागला. घरी आला की अंगाला येणारा वास साबणानेही जायचा नाही. मित्र नव्हते, व्यसन नव्हतं, पोरींकडे बघायची हिंमत नव्हती. त्याला एकच नाद होता, कॉम्प्युटरवरचे गेम. २०१२ मध्ये त्याला युरोपातल्या जुन्या राजघराण्यांचा एक गेम मिळाला आणि आमचा दीपेश पहिल्यांदाच अडला.

त्या गेममध्ये तुम्ही एका घराण्याचे प्रमुख. लग्नं लावा, पोरं वाढवा, सरदारांची मनं सांभाळा, जमलं तर शेजाऱ्याचा मुलूख घ्या. राजा मेला की त्याचा वारस म्हणून पुढे खेळायचं. असं चारशे वर्षं. शेवटी तारीख संपते आणि गेम बंद पडतो, पण तुम्ही जिंकलात असं कोणी म्हणत नाही.

"फालतू गेम हाय, ताई," तो वैतागून म्हणाला. "जिंकलो का हरलो तेच सांगत नाय."

"मग आपणच ठरवू की," मी म्हणाले. "पण तू ठरवलंस तर रोज बदलशील. त्यापेक्षा लिहून ठेव."

मी तेव्हा पनवेलला एका क्लासमध्ये दहावीची पोरं शिकवत होते. क्लासमधली एक कोरी शंभरपानी वही आणली आणि पहिल्या पानावर नियम लिहिले. काय जिंकायचं ते डाव सुरू करण्याआधी लिहायचं. खाली दोघांनी सही करायची. एकदा सही झाली की अट बदलायची नाही, आणि खोडलेलं पुन्हा लिहायचं नाही. आम्ही जाणत्या वयाची माणसं, पण त्या वहीवर सह्या करताना रजिस्ट्रारसमोर बसल्यासारखी तोंडं करायचो.

त्याच्या अटी त्याच्यासारख्याच होत्या. 'एकही लढाई न करता चार पिढ्या.' 'समुद्राकाठचं एकच गाव, पण शेवटपर्यंत आपलं.' तो नेहमी खाडीजवळचा छोटासा मुलूख घ्यायचा. आमच्या आजोबांचं मिठागर होतं, त्यामुळे असेल. एकदा त्यानं एका डावाला दोन अटी लिहिल्या: राज्याची वाटणी होऊ नये आणि सगळे भाऊ खूश राहावेत. वाटणी टाळली तेव्हा भाऊ उठले, भावांना दिलं तेव्हा राज्य फुटलं. दीपेश दोन दिवस धड जेवला नाही. तेव्हा मी वहीत शेवटचा नियम लिहिला. एका डावाची एकच अट.

मग एका रविवारी मी माझी अट लिहिली: 'भाऊ जिवंत असताना मुलगी गादीवर.'

तो हसला. "ताई, सरदार जाळतील आपल्याला."

"सही कर."

त्यानं केली. त्या राजाला मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवायची सोय होती. त्यानं रंजिता ठेवलं. दोन वर्षांनी मुलगा झाला, त्याला दीपेश केलं. भाऊ असेपर्यंत बहिणीला गादी नाही, असा त्या राज्याचा कायदा. दुसरा कोणी असता तर त्यानं पोराला विष घातलं असतं, गेममध्ये तीही सोय आहे. पण अट अट होती. दीड महिना हा शिफ्टवरून आला की हातपाय धुऊन तिथेच बसायचा. शेवटी त्याला मार्ग सापडला. भावाला बिशप केलं. बिशपला गादीवरचा हक्क राहत नाही. मग एकेका सरदाराला भेटी दिल्या, एकाच्या घरी घराण्यातली मुलगी सून म्हणून दिली. रंजिता गादीवर बसल्यावर तीन बंडं झाली, तिन्ही त्यानं मोडली.

मी क्लासमध्ये शिकवत असताना त्याचा फोन आला. "ताई, बसली! रंजिता बसली!" घरी गेले तर त्यानं जिलेबी आणून ठेवली होती. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "आणि भावानं काय केलं?"

"त्यानं हक्क सोडला," दीपेश म्हणाला.

"शाना हाय भाऊ," बाबा म्हणाले आणि जिलेबीचा तुकडा मोडला.

त्या दिवशी मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे कधी वाटला नाही. २०१४ मध्ये माझं लग्न झालं तेव्हा ती वही मी माझ्या बॅगेत घातली. सासर लांब नव्हतंच, खांदा कॉलनी. पुढच्याच वर्षी बाबा गेले.

आमची जमीन सरकारनं कधीच घेतली होती. तिच्या बदल्यात मिळायचा तो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, बाबांनी ज्याच्यासाठी चपला झिजवल्या, तो ते गेल्यावर करंजाड्यात मिळाला. कागदावर तीन नावं लागली: आय, दीपेश आणि मी. बाबांच्या नावाखाली माझं नाव छापलं होतं, त्याचा फोटो मी मोबाइलवर काढून ठेवला होता. अशा वेळी बायका म्हणतात, मला वाटा नको, फक्त माहेरची माया हवी. मी तसली नाही. मला दोन्ही हवं होतं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

२०१८ च्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी आय आणि दीपेश माझ्याकडे आले. पिशवीत साडी होती. साडी बघितली तेव्हाच मला कळलं. आमच्याकडे बहिणीची सही साडीबरोबरच घेतात. माझ्या आत्यांनी तशाच दिल्या होत्या, आणि त्या साड्या त्यांनी एकदाही नेसल्या नाहीत.

दीपेशनं कागद टेबलावर ठेवला. हक्कसोडपत्र. 'स्वखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय.' सही आज, अंगठा आणि फोटो उद्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात.

"बिल्डर म्हणतो, नावं कमी असली की बरं पडतं," तो खाली बघत म्हणाला.

"आयचंही काढतोस काय?"

"आयचं ऱ्हाऊ दे. तिचं काय, ती आपल्यातच हाय."

"आणि मी?"

त्यानं आयकडे बघितलं. आय म्हणाली, "सगळ्याच पोरी देतात, रंजिता. भाऊ हाय तर माहेर हाय." ती हे धमकी म्हणून म्हणत नव्हती. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, तेच ती मला सांगत होती. म्हणून जास्त राग आला.

मी आत गेले, कपाटातून वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती लगेच ओळखली. चाळायला लागला आणि जिलेबीच्या दिवसाच्या पानावर थांबला. 'भाऊ जिवंत असताना मुलगी गादीवर. विजय.' खाली आमच्या दोघांच्या सह्या. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा कागद उचलेल आणि पिशवीत टाकेल. देवाशपथ, मला तसं वाटलं.

त्यानं पान उलटलं.

"तुला काय जिंकायचंय ते लिही," मी म्हणाले. "मग मी सही करते."

"ताई, काय पोरकटपणा!"

"लिही."

त्यानं पेन घेतलं. बराच वेळ लावून लिहिलं: 'प्लॉटची वाटणी होऊ नये. आणि ताई दर भाऊबीजेला घरी यावी.'

दुसरी ओळ मी दोनदा वाचली. त्याला खरंच दोन्ही हवं होतं, माझ्यासारखंच. मी कागदाला हात लावला नाही.

"या दोन झाल्या, दीपेश. एका डावाची एकच अट. एक खोड."

मी त्याच्या हाताकडे बघत बसले. एवढं सोपं त्याला मी कधीच काही दिलं नव्हतं. त्यानं फार विचारही केला नाही. दुसरी ओळ खोडली, आणि वर माझी समजूत घातली. "तू तर येणारच ना, ताई. ते लिहायला कशाला पायजे?"

आधी वहीत दोघांनी सह्या केल्या, मग मी हक्कसोडपत्रावर केली. वहीतलं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. "कागदांच्या फायलीत ठेव. लागेल." त्यानं ठेवलं. सांगितलेलं ऐकण्यात तो पहिल्यापासून चांगला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन अंगठा दिला, फोटो काढला. क्लार्कनं 'राजीखुशीनं का?' असं विचारलं, मी हो म्हणाले.

पावसाळा संपता संपता करंजाड्यात पाया खणला. बिल्डिंगला बाबांचं नाव देणार, 'महादेव', असं आयनं फोनवर सांगितलं. मग दिवाळी आली. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण माहेरी जाते. सकाळपासून दीपेशचे चार फोन झाले. पाचवा मी घेतला.

"ताई, कवा येतेस? आय पाट मांडून बसलीय."

"मी येणार नाय, दीपेश."

"का?"

"फाईल काढ. त्यातलं पान वाच."

तिकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग कागदांचा. 

"ताई, ते मी असंच खोडलं होतं गं. आता परत लिहितो. बघ, लिहितोय."

"खोडलेलं पुन्हा लिहायचं नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठीच तर केला होता तो नियम. तू जिंकलास, दीपेश. या वेळी खरंच जिंकलास."

मी फोन ठेवला. ओट्यावर तबक भरून तयार होतं, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं. सकाळी उठल्याबरोबर मीच भरलं होतं.