सातव्या ओळीतली चूक

कॉलेजातल्या गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे 'सातवी ओळ' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. त्याचं असं की सव्वीस वर्षं ते दरवर्षी एक लांबलचक सिद्धता फळ्यावर मांडायचे आणि सातव्या ओळीत मुद्दाम अधिकच्या जागी उणे लिहायचे. मग खडू खाली, हाताची घडी, तोंड वर्गाकडे. चूक पकडेल त्याने पुढे येऊन उण्यावर उभी रेघ ओढायची आणि उरलेली सिद्धता पुरी करायची. कधी मिनिटात कोणी ओरडायचं, कधी तास संपेपर्यंत सगळे ठोंब्यासारखे बसून; मग कोणी पकडेपर्यंत तीच ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका वर्षी तर दारात उभ्या शिपाईदादांनीच विचारलं, "सर, वर अधिक होतं, खाली उणं कसं झालं हो?" झालं! त्या वर्षीची रेघ शिपाईदादांची.

अशा माणसापुढे आला लॅपटॉप. प्राचार्यबाईंनी फर्मान काढलं, यंदा गणित ऑनलाइन, पुढच्या वर्षीपासून नुसतं रेकॉर्ड केलेलं. सरांचा तिळपापड झाला. स्टाफरूममध्ये भर चहात ते बाईंवर गरजले, "समोर माणसं नाहीत, साठ काळे चौकोन आहेत! चौकोनांना काय शिकवू?"

"मुलांना आवडतंय, सर. दोन-दोन बस बदलायला नकोत."

"आवडणारच! अंथरुणात लोळून पदवी मिळतेय. मॅडम, उद्या मी सातवी ओळ लिहितो. एकाने जरी पकडली, तर अख्खा विषय मुकाट रेकॉर्ड करून देईन. नाही पकडली, तर माझा फळा मला परत."

"ठरलं," बाई म्हणाल्या. कप जरा जोरातच खाली ठेवला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सरांनी घरच्या भिंतीवरच्या फळ्यावर उणे लिहिलं आणि स्टुलावरच्या लॅपटॉपकडे वळले. एक मिनिट गेलं. चार गेली. चिडीचूप. "झोपा, गाढवांनो!" म्हणत त्यांनी लॅपटॉप खाडकन मिटला आणि बायकोला हाक मारली, "जिंकलो गं!"

संध्याकाळी पुतणी आली. ती त्याच वर्गात. चपलाही न काढता म्हणाली, "काका, आम्ही गाढवं?"

"मग काय पाठ थोपटू?"

"चॅट उघडलंत कधी?"

"तो चहाटळपणा मी बघत नाही."

तिने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. उणे लिहिल्यावर विसाव्या सेकंदाला तिनेच लिहिलं होतं, 'सर, तिथे अधिक हवं.' खाली एकवीस जणांनी तेच. मग कोणीतरी, 'बघतच नाहीयेत.' आणि शेवटी, 'जाऊ दे रे, त्यांना आपण दिसतच नाही.'

"तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"माइक तुम्हीच बंद करून ठेवलेत. पहिल्या दिवशी कुणाचं तरी कुत्रं भुंकलं म्हणून! आम्हाला उघडताही येत नाहीत. आणि हे सगळं मी प्राचार्यबाईंना पाठवलंय."

"घरभेदी!" सर ओरडले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "जिंकलात ना? मग ओरडता कशाला?"

सोमवारी सर रेकॉर्डिंगच्या खोलीत. खिडकी नाही, भिंतींना काळा फोम, एक कॅमेरा आणि त्यामागे हेडफोन लावलेला तंत्रज्ञ. सहा ओळी झाल्या. सातव्या ओळीत हाताने सवयीने उणे लिहिलं. खडू खाली. हाताची घडी.

"थांबलात का, सर?"

"कोणीतरी बोलेल."

"इथे कोण बोलणार? मला गणितातलं ओ की ठो कळत नाही."

"शिपाईदादांनाही कळत नव्हतं!" सर खेकसले. "बघ तरी जरा फळ्याकडे."

तंत्रज्ञाने फळ्याकडे नाही, घड्याळाकडे बघितलं. "थांबा हवं तेवढं. रिकामं असेल ते मी नंतर कापतो."

सर आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग वळले, खडू उचलला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती उभी रेघ स्वतःच्या हाताने ओढली.

"हेही कापू?"

"काप," सर म्हणाले. "आधी तेच काप."