अण्णांच्या अननसाला फुलं आली

मंडळी, घरी मोकळं हसता येईना, म्हणून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

नाशिकरोडच्या आमच्या घरी आईच्या बागेत फक्त कामाची झाडं जगतात. कढीपत्ता, गवती चहा, अळू. बाकीचं ती उपटते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी लावलेला अननस तेवढा टिकलाय. कित्येक वर्षं आई फळाची वाट बघतेय.

आज त्याच्या उंच दांड्यावर पांढऱ्या घंटांसारखी फुलं उमलली. परवा तुम्हीच इथे ग्रुपवर सांगितलं होतंत, पानांच्या कडा गुळगुळीत, टोकाला सुई आणि अशी फुलं, म्हणजे अननस नव्हे, शोभेचा युका. मी आईसमोर शहाणपणा पाजळला.

अण्णा पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "मला माहीत होतं. शोभेचं म्हटलं असतं तर तू ठेवलं असतंस का?"

आईने खुरपं उचललं. अण्णा झाडासमोर आडवे आले. "अगं, याला पाणी लागत नाही, खत लागत नाही. नुसतं उन्हात बसून असतं!"

"आणि जवळ गेलं की टोचतं," आई म्हणाली. "राहू दे. एक सांभाळलाय, दुसरा काय जड आहे!"

युकाच्या बुडाशी पिल्लं फुटलीत. कुणाला हवीत का? अण्णांनाही देऊन टाकायचं का, विचारलं. आई नाही म्हणाली.